शिबिरातले सर्वांत अवघड काम: घोड्यावर शांत उभे राहणे

प्रश्न: अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात गव्हर्नर्स हॉर्स गार्डमध्ये, म्हणजे गव्हर्नरच्या मानाच्या घोडेस्वार पथकात, नवा ट्रूपर (स्वार) म्हणून नुकताच दाखल झालो आहे. घोड्यावर बसायला इथेच शिकलो. आठवड्याची कवायत चालू आहे आणि उन्हाळ्यात पहिले वार्षिक प्रशिक्षण शिबिर आहे. तिथे नेमके काय करून घेतात, तयारी कशी करावी आणि नवखे लोक कुठे चुकतात?

उत्तर: ज्या पथकात तुम्ही गेला आहात त्याचे काम आधी नीट समजून घ्या, कारण शिबिरातला प्रत्येक तास त्या कामासाठी असतो. कनेक्टिकटमध्ये अशा दोन कंपन्या आहेत. फर्स्ट कंपनीची सनद 1788 ची आणि तिचे ठाणे एव्हन गावात. सेकंड कंपनी 1808 ची, ती न्यूटाउनला. दोन्ही राज्याच्या संघटित मिलिशियाचा (नागरिकांच्या सैन्यदलाचा) भाग आहेत, माणसे बिनपगारी स्वयंसेवक आणि घोडे बहुतेक देणगीतून आलेले. गव्हर्नरच्या शपथविधीची मिरवणूक, मेमोरियल डेसारखी संचलने, मानवंदना ही त्यांची कामे. अशा कार्यक्रमात घोडे प्रत्यक्ष चालतात थोडा वेळ. बाकीचा वेळ ते उभे असतात: भाषणे संपेपर्यंत, बँड पुढे सरकेपर्यंत, पाहुण्यांची गाडी येईपर्यंत. गर्दी, झेंडे, लहान मुले, ढोल, क्वचित तोफ, आणि या सगळ्यात रांगेतल्या घोड्याने चाळीस मिनिटे जागा सोडायची नाही. भरधाव दौड ज्याला जमते त्यालाही हे पहिल्या दिवशी जमत नाही. म्हणून शिबिराचे यश मोजायचे तर मी रांग किती वेळ शांत उभी राहिली ते पाहतो, दौड नंतर.

तुमचा स्वतःचा घोडा नसेल, तेव्हा पागेतला जो वाट्याला येईल त्यावर बसायचे. आपल्याकडच्या जुन्या भाषेत तुम्ही बारगीर, शिलेदार नव्हे. याचा व्यवहारातला अर्थ असा की शिबिराआधी एकाच लाडक्या घोड्यावर सराव करू नका. निदान तीन घोड्यांच्या सवयी शिकून घ्या: कोण तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना पोट फुगवतो, कोणाला शेजारी घोडी चालत नाही, कोणाचे तोंड मऊ आहे, कोण रांगेत मागून कोणी जवळ आले की लाथ झाडतो. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधतात. ती दिसली की मागे दुप्पट अंतर ठेवायचे, आणि स्वतःच्या घोड्याला ती असेल तर त्याला रांगेच्या शेवटी न्यायचे.

तयारी दीड महिना आधी सुरू करावी लागते, आणि ती आधी घोड्याची. आठवड्यातून एकदा कवायत करणाऱ्या घोड्याला सलग चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ काम दिले तर तिसऱ्या दिवशी पाठ दुखते, तंगाखाली कातडे सोलवटते आणि स्वभाव बिघडतो. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीन दिवस काम हवे. पहिले दोन आठवडे फक्त लांब चाल, चाळीस ते साठ मिनिटे, शक्य तर चढ-उताराच्या वाटेने. मग त्यात दोन-तीन मिनिटांच्या दुडकीचे तुकडे घालायचे. शेवटच्या दोन आठवड्यांत खोगिरावर पूर्ण साज चढवून, तलवारीच्या म्यानासकट काम करायचे, कारण डाव्या बाजूला खडखडणारे म्यान घोड्याला पहिल्यांदा शिबिरात कळता कामा नये.

नालबंदाला शिबिराच्या सात ते दहा दिवस आधी बोलवा. आदल्या दिवशी नाल बसवले आणि एखादा खिळा जिवंत भागाजवळ गेला, तर घोडा शिबिराच्या दुसऱ्या दिवशी लंगडतो आणि कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो. आठवडाभर आधी बसवले की असा दोष घरीच उघड होतो. डांबरी रस्त्यावर संचलन असेल तर नालांना टंगस्टन कार्बाइडची पकड लागते. साधा लोखंडी नाल गुळगुळीत डांबरावर, आणि विशेषतः रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर व गटाराच्या झाकणांवर, सरकतो. मात्र पकड फार जास्त केली तर पाय वळताना जमिनीला चिकटून राहतो आणि सांध्याला पीळ बसतो. किती घालायची ते नालबंद घोडा पाहून ठरवेल. त्याला फक्त सांगा की काम डांबरावर आहे आणि चाल हळू आहे.

लसी आणि कागद हा कंटाळवाणा भाग आहे, पण यावरून घोडा फाटकातून परत जातो. वर्षाच्या आतला कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाच्या तपासणीचा) दाखला बरोबर हवा. ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस आणि वेस्ट नाइल (डासांमुळे होणारे मेंदूचे आजार), धनुर्वात आणि रेबीज या लसी पूर्ण असाव्यात. पहिल्या दोन रोगांचे डास कनेक्टिकटमध्ये उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात सर्वांत जास्त असतात, आणि 2019 मध्ये तिथे ईस्टर्न इक्वाइनने माणसेही दगावली. वसंतात दिलेल्या लशीचा परिणाम ऑगस्टपर्यंत टिकतो का, की दुसरा डोस हवा, हे पशुवैद्याला विचारा, आणि द्यायचाच तर तीन-चार आठवडे आधी. लस दिल्यानंतर मान दुखते. त्या आठवड्यात लगामाचे काम नको. गोचिडीचे म्हणाल तर तिच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाला ज्या गावाचे नाव मिळाले ते लाइम याच राज्यात आहे. रोज संध्याकाळी घोड्याची आयाळ, शेपटीचा बुंधा आणि मांडीच्या आतली बाजू बोटांनी चाचपा, आणि तेच स्वतःच्या बाबतीतही करा. विजार मोज्यात खोचा. ते चांगले दिसत नाही, पण खोचाच.

आता स्वतःची तयारी. नव्या ट्रूपरची अंगदुखी मांड्यांत कमी आणि पाठीत व खांद्यांत जास्त होते, कारण दिवसातले बहुतेक काम जमिनीवरचे असते: पाण्याच्या बादल्या, खोगीर उचलणे, लीद काढणे, खरारा करणे. रिकिबीत उभे राहून तोल सांभाळत तीन मिनिटे दुडकी आणि रिकिबीविना दहा मिनिटे चाल, एवढे जमत असेल तर घोड्यावरची बाजू पुरेशी आहे. बूट नवे असतील तर शिबिराआधी किमान वीस तास घालून मऊ करा. शिवण नसलेले मोजे, दोन विजारी, दोन जोड हातमोजे, आणि सरावासाठी प्रमाणित हेल्मेट. समारंभाची टोपी समारंभात. सराव टोपीवर करायचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नाही म्हणा.

चामड्याच्या साजाची तपासणी आदल्या आठवड्यात, उजेडात आणि हाताने करा. तंगाचे पट्टे, रिकिबीचे पट्टे आणि लगामाचे टोक जिथे दुमडते त्या जागा वाकवून पाहा. भेग दिसली तर पट्टा बदला, तेल लावून दडवू नका. खोगीर मॅक्लेलन (अमेरिकी घोडदळाचे जुने खोगीर) असो वा साधे इंग्लिश, मणक्यावर उजेड दिसला पाहिजे: स्वार बसल्यावरही खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे जागा हवी. मॅक्लेलनची मधली फट मणक्याला हवा देण्यासाठीच आहे. त्याखालचे कांबळे घडी मोडून त्या फटीत खाली गेले तर फायदा संपतो. कांबळे ठेवताना थोडे पुढे ठेवून मागे सरकवायचे म्हणजे केस सरळ बसतात. उलटे सरकवले तर केस उभे राहतात आणि दोन तासांत पाठीवर फोड येतो.

शिबिराचे वेळापत्रक माणसांच्या सोयीने आखले की बिघडते. ते घोड्याच्या पोटावरून आखायचे असते. साधारण दिवस असा: साडेपाचला उठणे आणि माणसांच्या चहाआधी घोड्यांना गवत-पाणी, मग चंदी. दाणा खाल्ल्यावर तास-दीड तास काम नाही. त्या वेळात लीद काढणे, खरारा, पायांची आणि खुरांची तपासणी, आणि माणसांची न्याहारी. आठ ते दहा घोड्यावरची कवायत. मग खोगिरे उतरवून घोड्यांना सावली. अकरा ते चार घोड्यांना काम नाही. त्या वेळात पायदळी कवायत, तलवार, झेंडा, प्रथमोपचार, साजाची डागडुजी आणि कोणाला हवी त्याला झोप. पाच ते साडेसहा दुसरी घोड्यावरची कवायत, नंतर संध्याकाळचा खरारा, गवत आणि रात्रीचे पहारे. ऑगस्टमध्ये या वेळा मागेपुढे करायचा मोह होतो. तो टाळा.

पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो वाळलेले गवत लागते, पाणी पंचवीस ते पंचेचाळीस लिटर, आणि उन्हात काम असेल तर साठच्या पुढे. म्हणजे पंधरा घोड्यांच्या पथकाला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास गवत आणि हजार लिटरपर्यंत पाणी, तेही बादल्यांनी. शिबिर पागेवरच असेल तर प्रश्न नाही. दुसऱ्या मैदानावर असेल तर गवत घरचेच न्या. नवे गवत अचानक दिले की पोटशूळ ठरलेला. दुसरी नेहमीची अडचण अशी की अनोळखी पाणी घोडे पीत नाहीत. त्यावर उपाय घरी करायचा: आठवडाभर आधी पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायचा आणि शिबिरात तसाच घालायचा, म्हणजे चव तीच राहते. दाणा एका वेळी दोन-अडीच किलोपेक्षा जास्त नको. काम वाढले म्हणून चंदी दुप्पट करणाऱ्याला थांबवा. आधी गवत वाढवायचे आणि मिठाचा खडा किंवा दिवसाला साधारण तीस-चाळीस ग्रॅम मीठ द्यायचे.

उष्म्यासाठी एक सोपा हिशेब आहे. हवेचे फॅरनहाइट तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज करा. बेरीज 130 च्या आत असेल तर घोडा स्वतःला सहज थंड ठेवतो. 150 च्या वर काम कमी करा, 180 च्या आसपास बंद. ऑगस्टच्या दमट दुपारी 88 अंश आणि 70 टक्के असेल तर बेरीज होते 158. अकरा ते चार काम नाही याचे कारण हेच. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा समज अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे, पिऊ द्या. अंगावर गार पाणी ओतत राहा आणि घोडा वाऱ्यात किंवा सावलीत चालवा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि ताप 37.2 ते 38.3 अंश सेल्सिअस असतो. काम थांबवल्यावर वीस मिनिटांत नाडी 60 च्या खाली आली नाही तर त्या घोड्याचा दिवस संपला. हे प्रत्येक ट्रूपरला मोजता आले पाहिजे. जबड्याखालची धमनी शोधायला पाच मिनिटांत शिकता येते.

घोडे उघड्यावर बांधायचे असतील तर दोन झाडांमध्ये घट्ट दोर बांधतात, घोड्याच्या डोक्याहून वर, साधारण सव्वादोन मीटरवर. झाडाला रुंद पट्टा, मग दोर. नाहीतर साल सोलते. घोड्यांत तीन-चार मीटर अंतर, आणि शेजारी कोण बांधायचा ते आपापसांतल्या भांडणावरून ठरवायचे. मोहरकीची (घोड्याच्या डोक्यावरच्या बांधायच्या पट्ट्याची) दोरी इतकीच सोडायची की तोंड गवतापर्यंत पोहोचेल पण दोरीचा झोळ जमिनीवर लोळणार नाही. लांब दोरी हेच रात्रीच्या बहुतेक अपघातांचे कारण: घोडा पाय ओलांडतो, अडकतो, घाबरतो आणि ओढतो. गाठ ओढताच सुटणारी हवी, आणि मोहरकी चामड्याची किंवा तुटणाऱ्या पट्टीची. नायलॉनची मोहरकी तुटत नाही, मान तुटू शकते.

रात्रीचा पहारा दोन-दोन तासांचा. पहारेकऱ्याचे काम जागे राहण्याएवढेच नसते. दर फेरीत प्रत्येक घोड्याचे पाणी किती उरले, लीद किती वेळा पडली, गवत खाल्ले का, हे वहीत लिहायचे. रात्रभरात एकही लीद न पडलेला, गवत न खाणारा, सारखा पोटाकडे मान वळवणारा किंवा पाय झाडून लोळणारा घोडा दिसला तर ताबडतोब अधिकाऱ्याला उठवायचे. सकाळची वाट पाहायची नाही. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ तासातासाला वाढत जातो. आणखी एक गोष्ट सांगतो: एका घोड्याची दिवसाची लीद वीस-पंचवीस किलो असते. ती कुठे टाकायची ते आधी ठरवले नाही तर दुसऱ्या दिवशी माशा येतात आणि माशांमुळे घोडे रांगेत उभे राहत नाहीत. शांत उभे राहण्याचा सराव इथून सुरू होतो, पटांगणावरून नव्हे.

आता कवायत. हुकूम दोन भागांचा असतो: आधी सूचना, मग अंमल. ‘फॉरवर्ड’ ही सूचना, ‘हो’ हा अंमल. नवखा ट्रूपर सूचनेवर काहीच करत नाही आणि अंमलावर दचकून टाच मारतो. सूचनेवर लगाम गोळा करायचा, पाठ सरळ करायची, पाय लावायचा. घोड्याला कळले पाहिजे की काहीतरी येते आहे. मग अंमलावर सगळे एकाच क्षणी पाऊल टाकतात. हे न झाल्याचा परिणाम मोजून दाखवतो. दोन-दोनच्या आठ जोड्या आहेत. प्रत्येक जोडी पुढच्या जोडीला पाहून एक सेकंद उशिरा निघाली, तर शेवटची जोडी सात सेकंद उशिरा निघते. घोड्याची चाल सेकंदाला सुमारे 1.8 मीटर, म्हणजे मागे बारा-साडेबारा मीटरची फट पडते. ती भरायला शेवटचे दोघे दुडकीत येतात, घोडे तापतात, पुढच्यांच्या अंगावर येतात आणि पुढे कोणीतरी लाथ मारतो. लोक शेवटच्या स्वाराला बोलतात. दोष मधल्यांचा असतो, आणि कधी पुढारी पहिली पावले लांब टाकतो त्याचा. पुढाऱ्याने निघताना पहिली दहा पावले मुद्दाम आखूड ठेवावीत.

अंतर नाकापासून पुढच्याच्या पुठ्ठ्यापर्यंत साधारण चार फूट. ते डोळ्यांनी धरायची खूण अशी: आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे ढोपर दिसले पाहिजे. ते दिसेनासे झाले तर जवळ आलात. त्याचे खूरही दिसू लागले तर लांब पडलात. शेजाऱ्याच्या गुडघ्यापासून आपल्या गुडघ्यापर्यंत वीतभर. रांग सरळ ठेवण्यासाठी मान वळवायची नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचे; मान वळली की आसनाचा भार सरकतो आणि घोडा त्याच बाजूला कलतो.

रांग वळवणे हा शिबिरातला सर्वांत जास्त वेळ खाणारा विषय, आणि खायलाच हवा. एक स्वार रुंदीत साधारण एक मीटर जागा घेतो. चार जणांची रांग एका टोकावर काटकोनात वळली तर बाहेरचा घोडा सुमारे साडेपाच मीटर चालतो आणि आतला जवळजवळ जागेवर फिरतो. आठ जणांच्या रांगेत बाहेरच्याला जवळपास बारा मीटर जावे लागते. म्हणून चारच्या रांगेत सगळे चालीत राहू शकतात, पण आठच्या रांगेत बाहेरच्याने दुडकी धरली नाही तर आतल्याला थांबून राहावे लागते. नेहमीची चूक अशी की आतला स्वार जागा सोडून पुढे सरकतो, कारण घोड्याला जागेवर फिरणे आवडत नाही. तो पाऊलभर सरकला की बाहेरची टोके फाकतात आणि रांग धनुष्यासारखी वाकते. नव्या लोकांना आत ठेवतात ते सोपे म्हणून, पण ते सोपे नाही. आत तुमच्या सर्वांत संयमी घोड्याला ठेवा आणि बाहेर लांब चालीच्या. सराव आधी पायी करायचा, हातात चार मीटरचा बांबू धरून. चार माणसांनी बांबू न सोडता वळण घेतले की कोणाला किती चालायचे आहे ते पायांना कळते, मग घोड्यावर फक्त तेच करायचे.

बँडमागून चालण्याचा सराव बरेचजण विसरतात. पायदळी बँडची ठरलेली चाल मिनिटाला 120 पावले, पाऊल तीस इंचांचे; म्हणजे मिनिटाला सुमारे 91 मीटर. घोड्याची नैसर्गिक चाल ताशी चार मैल, म्हणजे मिनिटाला 107 मीटर. दर मिनिटाला पंधरा-सोळा मीटरने घोडे बँडच्या पाठीवर येतात, आणि प्रत्यक्ष मिरवणूक तर याहूनही संथ असते. घोड्याला दर वेळी तोंड ओढून थांबवले की तो मान झटकू लागतो, आडवा होतो. म्हणून शिबिरात आखूड चाल शिकवावी लागते: आसनाने पाऊल रोखायचे, हात फक्त साथ देतात. आणि निघतानाच बँडपासून तीस-चाळीस मीटर अंतर ठेवायचे, म्हणजे दोन-तीन मिनिटांनी एकदा पूर्ण थांबून पुन्हा निघता येते. सारखे ओढत राहण्यापेक्षा पूर्ण थांबा घोड्याला सोसतो.

तलवारीचे शिक्षण जमिनीवर, लाकडी दांडक्याने सुरू होते. पाते घोड्याच्या कानांजवळून जाता कामा नये, आणि परत म्यानात घालताना म्यानाचे तोंड न पाहता सापडले पाहिजे. म्यानात घालणे फक्त थांबलेल्या रांगेत. वळणात किंवा दुडकीत पाते म्यानात घालायला गेलात तर मांडी किंवा शेजाऱ्याचा घोडा कापला जातो. चढताना डाव्या हाताने म्यान मागे धरा, नाहीतर ते घोड्याच्या पोटाखाली जाते. झेंडा घेणाऱ्याला वेगळा सराव लागतो: काठीचे टोक रिकिबीच्या खोबणीत, आणि वारा कोणत्या बाजूने आहे ते आधी पाहायचे, कारण फडफडणारे कापड घोड्याच्या डोळ्यावर आले की तो उलट्या बाजूला उडी घेतो.

आवाजांची आणि गर्दीची सवय लावताना एका वेळी एकच गोष्ट बदला: अंतर, आवाज किंवा हालचाल. नवी वस्तू घोड्याकडे आणू नका. वस्तू दूर नेत राहा आणि घोड्याला तिच्या मागे जाऊ द्या. मागे लागणाऱ्याला भीती वाटत नाही. ढोल आधी शंभर मीटरवर, घोडे गवत खात असताना. त्यांनी मान वर करून पुन्हा खाली घातली की दहा मीटर जवळ या. बंदुकीच्या रिकाम्या बारासाठीही हेच, तोंड घोड्यांपासून उलटे आणि बार एक-एक, मध्ये पूर्ण शांतता. नव्या घोड्याच्या दोन्ही बाजूंना पोक्त घोडे. प्रत्येक सत्र घोडा शांत असतानाच संपवायचे. घाबरलेल्या अवस्थेत परत नेला तर तो तेच शिकून जातो.

आणि शेवटी उभे राहणे. पहिल्या दिवशी पाच मिनिटे, रोज दुप्पट करत चौथ्या दिवशी चाळीस. पहिली पाच मिनिटे काम झाल्यानंतर, घोडा थोडा दमलेला असताना घ्यायची. लगाम सैल, पण सुटलेला नाही. घोडा हलला की ओरडायचे नाही, मारायचे नाही. तितकीच पावले मागे घेऊन त्याच जागी उभा करायचा आणि लगेच लगाम सैल सोडायचा. दर वेळी त्याच जागी. वीसेक वेळा केले की त्याला कळते की हलण्यात काही मिळत नाही आणि उभे राहण्यात तोंडाला आराम आहे. बहुतेक वेळा चाळवाचाळव स्वाराची असते: लगाम सारखा करणे, रिकीब शोधणे, वळून बोलणे. घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा राहिला तर राहू द्या, तो विसावला आहे. पाहणीच्या वेळी तेवढे चार पायांवर आणा. जमिनीवर घोड्याशेजारी उभे असाल तेव्हा स्वतःचे गुडघे ताठ बांधू नका. उन्हात गणवेशात ताठ गुडघ्यांनी उभी असलेली माणसे चक्कर येऊन घोड्याच्या पायात पडतात. बोटे बुटात हलवत राहा, पाणी आधी प्या.

एखादा घोडा सुटला तर कोणीही पाठलाग करायचा नाही. सगळ्यांनी थांबायचे, आपापल्या घोड्यांची तोंडे आत वळवायची, फाटकाजवळच्याने फाटक लावायचे. सुटलेला घोडा कळपाकडे परत येतो. दाण्याची बादली हलवणारा एकच माणूस चालत जातो. मागे घोडे धावले तर एकाचे पाच सुटतात. हा सराव शिबिराच्या पहिल्याच सकाळी कोरडा करून घ्या.

शिबिर संपल्यावर घोड्यांना दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, फक्त मोकळ्या कुरणात. घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी पाठीवर, खांद्याच्या उंचवट्यावर आणि तंगाच्या रेषेवर तळहात दाबून फिरवा. गरम जागा, सूज किंवा पिळवटून घेणे दिसले तर ती जागा आणि खोगिराचा क्रमांक वहीत लिहा. घामाने कडक झालेले चामडे आधी पाण्याच्या फडक्याने आणि साबणाने पुसून सावलीत वाळवा, तेल दुसऱ्या दिवशी. कांबळी उन्हात उलटी टाका. गोचिडीच्या जागा पुढचे दोन आठवडे पाहत राहा, आणि स्वतःला ताप किंवा सांधेदुखी आली तर डॉक्टरला शिबिराला गेला होता हे आवर्जून सांगा.